पूर्वभाग, उत्तरभाग आणि सटवाईचा लेख

गेल्या अंकात एका वाचकाने विचारले होते, की सुपरहिरोंच्या परदेशी चित्रपटांपैकी कोणत्या चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्याहून सरस ठरला. आम्ही ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या २०२३ च्या चित्रपटाचे नाव घेतले आणि कारण एका वाक्यात उरकले. ती आमची चूक होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे कोल्हापूरची आहेत, आणि एकदा बाजू घेतली की ती सहजासहजी न सोडण्याचा त्या शहराचा लौकिक या पत्रांनीही राखला आहे. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच चित्रपटाला आणि त्याच शहराला दिले आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र सांगणे भाग आहे. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी अंक येथेच मिटावा. ब्रुकलिनमध्ये राहणारा माइल्स मोरालेस हा शाळकरी मुलगा २०१८ च्या पहिल्या भागात स्पायडर-मॅन झाला. दुसऱ्या भागात त्याला कळते, की असंख्य विश्वांत असंख्य स्पायडर-मॅन आणि स्पायडर-वुमन आहेत आणि भविष्यकाळातील न्यूयॉर्कमध्ये बसलेला मिगेल ओहारा हा त्या सर्वांचा कारभार पाहतो. प्रत्येकाच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत, जवळच्या पोलीस कॅप्टनचा मृत्यू ही त्यांपैकी एक आहे, आणि ती टाळली तर ते विश्वच ढासळते, असा मिगेलचा दावा आहे. माइल्सचे वडील लवकरच कॅप्टन होणार असतात. मुलगा म्हणतो, मी त्यांना मरू देणार नाही. आणि मग शेकडो स्पायडर-मॅन त्याच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी त्याच्या पाठीमागे लागतात.

प्रश्न : आम्ही तालमीच्या कट्ट्यावर बसणारे सात-आठ मित्र आहोत. आपल्या उत्तरावरून आमच्यात दोन तट पडले असून, जो तट हरेल त्याने सर्वांना मिसळ खिलवायची असे ठरले आहे. माझे म्हणणे असे, की शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना ऐन रंगात आला असताना पंचांनी शिट्टी फुंकून ‘उरलेला खेळ पुढच्या हंगामात’ असे जाहीर केले, तर त्या सामन्याला कोणी चांगला म्हणेल काय? या चित्रपटात नेमके तेच झाले आहे. दोन तास वीस मिनिटे बसल्यानंतर नायक भलत्याच विश्वात बांधलेल्या अवस्थेत सापडतो, त्याच्या वडिलांचे काय होणार ते कळत नाही आणि पडद्यावर अक्षरे येतात. अर्ध्या गोष्टीला पुरे गुण देणे हा कोणता न्याय?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : आपला दाखला चोख आहे आणि आपल्या रागाचा अर्धा भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे. या चित्रपटाचे नाव २०२१ च्या डिसेंबरमध्ये प्रथम जाहीर झाले तेव्हा त्यापुढे ‘भाग पहिला’ असे शब्द होते. पुढच्याच वर्षी ते शब्द काढून टाकण्यात आले आणि तिसऱ्या चित्रपटाला स्वतंत्र नाव देण्यात आले. याचा परिणाम असा झाला, की बातम्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांना गोष्ट अर्धी आहे हे ठाऊक होते आणि सरळ तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला मात्र ते शेवटच्या मिनिटाला कळले. २०१५ साली ‘बाहुबली’ पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक कट्टप्पाचे कोडे घेऊन जवळजवळ दोन वर्षे आनंदाने थांबला, कारण हा आरंभ आहे असे त्या चित्रपटाने नावातच सांगून ठेवले होते. येथे ती सूचना पुसली गेली. शिवाय २०२४ च्या मार्चमध्ये येणार असलेला तिसरा भाग २०२३ च्या जुलैमध्येच बेमुदत पुढे ढकलला गेला आणि नंतर त्यासाठी थेट २०२७ साल जाहीर झाले. तेव्हा ‘पुढच्या हंगामात’ ही आपली तक्रारसुद्धा सौम्यच म्हणावी लागेल.

मात्र ही सगळी तक्रार विकणाऱ्याच्या दारात मांडावयाची आहे. चित्रपटाच्या रचनेला ती लागू पडते का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तेथे आमचे मत आपल्याहून भिन्न आहे. कृपया चित्रपटाची पहिली वीस मिनिटे आणि शेवटची वीस मिनिटे पुन्हा एकदा पाहावीत. माइल्स पडद्यावर येण्यापूर्वी आपल्याला त्याची मैत्रीण, दुसऱ्या विश्वातील स्पायडर-वुमन ग्वेन स्टेसी भेटते. ती एका वाद्यवृंदात ड्रम वाजवत असते आणि तो सोडून निघून जाते. जिवलग मित्राच्या मृत्यूचा आळ तिच्यावर आलेला असतो. तिचे वडील स्वतः पोलीस कॅप्टन असून ज्या मुखवट्याच्या शोधात ते आहेत त्याच्या आत आपलीच मुलगी आहे हे कळल्यावरही ते पिस्तूल खाली ठेवत नाहीत. घर तुटते आणि ती मिगेलच्या पदरी जाते. शेवटाकडे तिला हाकलून दिले जाते, ती घरी परतते, बाप-लेकीची बोलणी होतात, ती मिगेलचा मार्ग नाकारते आणि जुन्या-नव्या मित्रांना गोळा करून स्वतःचा चमू उभा करते. वाद्यवृंद सोडणाऱ्या मुलीपासून निघालेली गोष्ट स्वतःचा वृंद बांधणाऱ्या मुलीपाशी येऊन थांबली आहे. आरंभीचे निवेदन तिचे आहे आणि शेवटचेही तिचेच आहे.

२०१८ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ संपला तेव्हाही निम्मे नायक धूळ होऊन उडून गेले होते, तरी तो चित्रपट अर्धवट वाटला नाही, कारण ती गोष्ट थॅनॉसची होती आणि त्याने जे ठरवले ते त्याने पूर्ण केले होते. येथेही तसेच आहे. फक्त येथे गोष्ट खलनायकाची नसून मैत्रिणीची आहे आणि भिंतीवरच्या पोस्टरवर चेहरा भलत्याचाच आहे. सामना मध्येच थांबला असे आपल्याला वाटले, कारण आपण एकाच संघाचे गोल मोजत होता.

मिसळीबाबत आमचा निर्णय असा, की तिकीट विकण्याच्या रीतीवर पैज असेल तर आपण जिंकलात. चित्रपटावर असेल तर आपण हरलात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नातवाच्या आग्रहाखातर हा चित्रपट त्याच्यासोबत पाहिला आणि त्यानंतर घरात जो वाद झाला तो आठवडाभर चालला. माझा आक्षेप चित्रपटाच्या तंत्रावर नाही. जे घडणार ते घडणारच, ते धैर्याने सोसावे, हे आपल्या पुराणकथांनी शिकवले. येथे मात्र विधिलिखित झुगारणाऱ्या हट्टी मुलाला नायक ठरवले आहे आणि सर्वांच्या भल्याचे बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला खलनायकाच्या रांगेत बसवले आहे. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा घडवला आणि पौराणिक चित्रपट काढले, त्या गावातील मुलांनी यावर इतके भारून जावे याचे मला आश्चर्य वाटते.
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : बाई, आपल्या पत्रातील शेवटच्या मुद्द्याला आधी उत्तर देतो, कारण ते लहान आहे. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तील कीचकवध इतका हुबेहूब दाखवला गेला होता, की त्या दृश्याला कात्री लागली. कोल्हापूरच्या चित्रपटाचा आरंभच मुळी भीमाच्या अचाट बळाने झाला आहे. तेव्हा अचाट बळाच्या माणसांनी भारून जाण्याची सवय आपल्या गावाला नातवामुळे लागलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. विधिलिखित हा शब्द आपण वापरला हे फार बरे केले, कारण चित्रपटात ज्याला ‘कॅनन इव्हेंट’ म्हटले आहे त्यासाठी मराठीत याहून नेमका शब्द सापडणार नाही. आपल्याकडे पाचवीच्या किंवा सहावीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते अशी समजूत आहे. मिगेल हा त्या सटवाईचा कारकून आहे. त्याने लेख लिहिलेला नाही. तो केवळ वही सांभाळतो आणि कोणत्या रकान्यात कोणाचा मृत्यू यायचा राहिला आहे ते पाहतो. त्याला खलनायक म्हणणे हा अन्याय आहे, हे आपले म्हणणे आम्हाला मान्य आहे. दुसऱ्या एका विश्वात मेलेल्या आपल्याच प्रतिरूपाची जागा घेऊन तो एका लहान मुलीचा बाप झाला आणि ते विश्व त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. ज्याने एवढे गमावले तो नियमाला चिकटून बसला तर त्यात नवल नाही. त्याची अडचण अशी, की एका उदाहरणावरून त्याने सर्व विश्वांचा नियम बांधला.

पण विधिलिखित सोसणे एवढेच आपल्या पुराणांनी शिकवले, हे मात्र आम्ही मान्य करणार नाही. वडाला सूत गुंडाळताना ज्या सावित्रीचे स्मरण केले जाते, तिने काय केले? सत्यवानाचे आयुष्य वर्षभराचेच आहे हे तिला लग्नाआधी ठाऊक होते आणि तरीही तिने त्यालाच वरले. मग ती यमाच्या मागे चालत गेली, त्याच्याशी धर्माची गोष्ट बोलत राहिली आणि शेवटी असा वर मागितला, की जो पतीवाचून खरा होऊच शकत नाही. तिने नियम मोडला नाही. नियमात असलेली फट शोधली आणि यमालाच त्या फटीतून परत पाठवले.

या मापाने पाहिले तर माइल्स कच्चा ठरतो. मी दोन्ही करीन, बापालाही वाचवीन आणि जगालाही, असे तो म्हणतो. कसे ते त्याला माहीत नाही आणि या भागात ते कोणी सांगतही नाही. आपण त्याला हट्टी म्हणालात ते चूक नाही. मात्र सावित्रीची रीत या चित्रपटात आहे, आणि ती अशा ठिकाणी आहे, की पहिल्या वेळी बहुतेकांच्या नजरेतून ती निसटते. ग्वेन घरी परतते तेव्हा तिचे वडील सांगतात, की त्यांनी कॅप्टनपद सोडले आहे. लेखात लिहिले आहे, की कॅप्टन मरेल. आता कॅप्टनच उरलेला नाही, आणि तरीही ते विश्व जागच्या जागी उभे आहे. ना मारामारी, ना पाठलाग. एका बापाने मुलीसाठी दिलेला राजीनामा, आणि मिगेलची सगळी वही खोटी पडण्याची शक्यता निर्माण झाली. संपूर्ण चित्रपटात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य हेच, आणि ते बोलले जाते एका साध्या खोलीत, हळू आवाजात.

आठवडाभर चाललेला वाद मिटवण्यासाठी हे उपयोगी पडेल असे नाही, पण तो दुसऱ्या आठवड्यात नेण्यासाठी नक्की पडेल.

प्रश्न : माझा थोरला भाऊ ‘स्पायडर-मॅन २’ या २००४ च्या चित्रपटाचा भक्त आहे. त्याच्या मते त्यानंतर आलेला कोणताही दुसरा भाग त्या चित्रपटाच्या पासंगालाही पुरत नाही आणि आम्हा नव्या मुलांना केवळ रंग आवडतात. मला उत्तर सुचत नाही. कोणता श्रेष्ठ?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : भाऊ वयाच्या जोरावर बोलत असला तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. सॅम रेमी यांच्या त्या चित्रपटाची बांधणी जुन्या वाड्यासारखी पक्की आहे. पीटर पार्करची नोकरी जाते, अभ्यास बुडतो, प्रेम निसटते, आणि मग अंगातील शक्तीही दगा देऊ लागते; तो पोशाख कचऱ्यात टाकतो; त्याच्यावाचून शहराचे काय होते ते पाहतो; आणि परत उभा राहतो. धावती आगगाडी स्वतःच्या अंगावर अडवून तो शुद्ध हरपतो तेव्हा प्रवासी त्याला हातांवर झेलून आत घेतात, मुखवट्याशिवायचा त्याचा चेहरा पाहतात, आणि हा तर पोरगाच आहे असे म्हणून गप्प राहण्याचे वचन देतात. या प्रसंगाच्या तोडीचा प्रसंग २०२३ च्या चित्रपटात नाही, हे कबूल केलेले बरे. भावाच्या चित्रपटातील खलनायक डॉक्टर ऑक्टोपसही शेवटी स्वतःची चूक स्वतःच बुडवून संपतो. सगळे हिशेब त्याच खेळात चुकते होतात, त्यामुळे शिवाजी पेठेतील मंडळींनाही त्याबद्दल तक्रार नसावी.

पण प्रश्न चांगल्या चित्रपटाचा नव्हता, चांगल्या दुसऱ्या भागाचा होता, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. मराठीत उत्तरभाग हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात नंतर येणे आहे आणि जाब देणेही आहे. २००४ चा चित्रपट पहिल्या भागातील शिकवण पुढे नेतो : शक्तीबरोबर जबाबदारी येते, आणि जबाबदारीची किंमत ही अशी असते. तो पहिल्या भागाशी भांडत नाही. २०२३ चा चित्रपट भांडतो. मुखवटा कोणीही घालू शकतो, असे २०१८ च्या भागाने मुलांना आनंदाने सांगितले होते. दुसरा भाग त्याच मुलाला उभे करून म्हणतो, की तुला चावलेला कोळी मुळात तुझ्यासाठी नव्हता, तो दुसऱ्याच विश्वातून चुकून आला, त्यामुळे ते विश्व रक्षणकर्त्यावाचून राहिले, आणि तू असायलाच नको होतास. पहिल्या भागातील सर्वांत गोड वाक्यावर असा घाव घालण्याचे धाडस दुसऱ्या भागांत क्वचित दिसते. बहुतेक दुसरे भाग पहिल्यातील खलनायकाच्या जागी दोन खलनायक आणतात आणि स्फोटांची संख्या वाढवतात.

तेव्हा भावाला सांगावे, की बांधणीत तुझा चित्रपट वरचढ आहे आणि उत्तरभाग म्हणून माझा. केवळ रंग आवडतात हा आरोप त्याने मागे घ्यावा.

प्रश्न : या चित्रपटात ‘मुंबॅटन’ नावाचे मुंबईसारखे शहर दाखवले आहे, तेथील स्पायडर-मॅनचे नाव पवित्र प्रभाकर आहे, तेथील पोलीस इन्स्पेक्टर सिंग आहेत, पण मराठी माणूस कोठेच नाही. भारतात हा चित्रपट दहा भाषांत प्रदर्शित झाला व त्यांत मराठीही होती असे वाचले, पण आम्हाला तो हिंदीतच पाहावा लागला. मुंबईला मराठीविना दाखवणाऱ्या चित्रपटाचे कौतुक आपण कसे करता?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मराठी आवृत्तीबाबत आपली माहिती बरोबर आहे. २०२३ च्या जूनमध्ये तो इंग्रजीसह दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी होती. हिंदी व पंजाबी आवृत्तीत पवित्रला क्रिकेटपटू शुभमन गिल याने आवाज दिला म्हणून त्या दोन आवृत्त्यांचा गाजावाजा झाला, मराठीचा तसा झाला नाही. मराठीत काढावे आणि ते कोणाला कळू नये, हा प्रकार केवळ याच चित्रपटाच्या वाट्याला आला असे नाही.

मुंबॅटनविषयी मात्र थोडे सबुरीने घ्यावे. ते शहर मुंबई नव्हे. मुंबई आणि मॅनहॅटन एकात एक कालवून केलेले ते कल्पनेतील शहर आहे, आणि पवित्र मुळात २००४ च्या एका चित्रकथेतून आलेला आहे. त्या शहराच्या रंगरूपासाठी कलाकारांनी सत्तरच्या दशकातील इंद्रजाल कॉमिक्सचा आधार घेतला. आमच्या पिढीने ज्यांत वेताळ आणि मँड्रेक मराठीतून वाचले, तीच ही पुस्तके. घाईघाईने छापलेल्या कागदावर थोडेसे सरकलेले ते रंग पडद्यावर पाहताना आम्हाला मराठीची उणीव जाणवण्याआधी लहानपणच आठवले, हे प्रांजळपणे नमूद करतो.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल, कारण आपण कोल्हापूरचे आहात. पवित्र हातातील कडे दूर भिरकावतो आणि जाळ्याच्या धाग्याने ते परत मनगटाशी ओढून घेतो. मर्दानी खेळांच्या आखाड्यात विटा म्हणजे दोरीचा भाला फेकून मनगटाला बांधलेल्या दोरीने तो परत खेचताना ज्याने पाहिला आहे, त्याला ती हालचाल परकी वाटणार नाही. ती तेथूनच घेतली असा आमचा दावा नाही. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत स्वतःचे गाव असतेच.

तो माइल्सला ‘चाय टी’ म्हटल्याबद्दल झापतो, त्या विनोदावर हिंदी प्रेक्षागृहात हशा झाला असेलच. मराठी माणसाने त्यावर फार मोठ्याने हसू नये. आपण पिढ्यान्‌पिढ्या पिवळा पीतांबर नेसत आलो आहोत.

प्रश्न : मी पाहिलेल्या प्रतीत आणि पुण्यात असलेल्या चुलतभावाने पाहिलेल्या प्रतीत एक-दोन ठिकाणी संवाद व हालचाली वेगळ्या होत्या. तो म्हणतो मी डुलकी काढत होतो. खरे काय?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : आपण जागेच होता. चित्रपटगृहांत या चित्रपटाच्या एकाहून अधिक आवृत्त्या दाखवल्या गेल्या, त्यांत काही बारीक फरक होते, आणि प्रेक्षकांनी ते पकडल्यावर चित्रपटाच्या संकलनाशी संबंधित मंडळींनीही त्याला दुजोरा दिला. अनेक विश्वांच्या चित्रपटाने आपल्या प्रतीही अनेक ठेवाव्यात, हे सुसंगतच म्हणावे. चुलतभावाकडून क्षमेची अपेक्षा करण्यास हरकत नाही.

प्रश्न : मी चित्रकला शिकतो. प्रत्येक विश्वाची शैली वेगळी ठेवण्यामागे कथेची गरज आहे, की ते केवळ कौशल्याचे प्रदर्शन आहे? आमचे एक शिक्षक म्हणाले, की इतके सगळे एकदम दाखवले की काहीच दिसत नाही.
— एक विद्यार्थी, सायबर चौक परिसर

उत्तर : शिक्षकांचे मत चित्रपटाच्या एका भागाला अचूक लागू पडते, तेव्हा ते प्रथम मान्य करून टाकतो. मिगेलच्या मुख्यालयातून माइल्स पळतो आणि शेकडो स्पायडर-मॅन त्याच्यामागे धावतात तो पाठलाग आम्हाला दुसऱ्या वेळीही लांबलेला वाटला. प्रत्येक चौकटीत ओळखीचा कोणी ना कोणी शोधण्यात जे रमतात त्यांची करमणूक होते. बाकीच्यांचा डोळा थकतो. त्याआधी मिगेल जे समजावून सांगतो तेही व्याख्यानाच्या वळणाने जाते. सुरुवातीच्या प्रसंगांत संगीताखाली संवाद दबल्याची ओरडही प्रदर्शनानंतर बरीच झाली होती, आणि ती निराधार नव्हती.

परंतु ग्वेनचे विश्व पाहा. तेथे भिंतींना पक्की रेषा नाही, जलरंगाचे ओघळ आहेत, आणि ते तिच्या मनाप्रमाणे पालटतात. बापाने पिस्तूल रोखले असताना खोलीतील रंग थंड होत जातात आणि दोघांमध्ये जणू थर साचतो. समेटाच्या प्रसंगी तेच रंग विरघळून ऊबदार होतात. संवाद बंद करून हे दोन प्रसंग पाहिले तरी काय झाले ते कळते. आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांचा वारसा असलेल्या गावात शिकणाऱ्याला, जलरंगात पाणी किती ठेवले यावर आकाशाची वेळ ठरते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. येथे पाणी किती ठेवले यावर बाप-लेकीतील अंतर ठरते. आम्ही याला प्रदर्शन म्हणणार नाही.

हॉबी हा बंडखोर वादक पाहा. तो कागदाचे तुकडे चिकटवल्यासारखा आहे, आणि त्याचे अंग, त्याचे जाकीट, त्याची गिटार यांची गती एकमेकांशी जुळत नाही. जो कोणाच्याच तालावर चालत नाही त्याचे स्वतःचे अवयवदेखील एका तालावर नाहीत. तोच जाता जाता ग्वेनसाठी विश्वे ओलांडण्याचे साधन ठेवून जातो, आणि शेवट त्याच्यामुळे शक्य होतो. स्पॉट या खलनायकाच्या अंगावर तर कच्च्या रेखाटनातील निळ्या रेषा तशाच ठेवल्या आहेत. ज्याला कोणी गांभीर्याने घेत नाही तो माणूस चित्रकाराने पूर्ण न केलेल्या आराखड्यासारखा दिसतो, आणि त्याची शक्ती वाढते तसतशी शाई गडद होत जाते. त्या मानाने, चर्मपत्रावरील जुन्या इटालियन रेखाटनातून उडत आलेला गिधाडाच्या वेशातील शत्रू हे निव्वळ कौशल्य आहे. पण आरंभीच्या धुमश्चक्रीत तेवढी चैन आम्ही माफ करतो.

आपल्या उत्साहासाठी एक माहिती देतो. चित्रपटात प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या ठोकळ्यांचे जे छोटेसे विश्व दिसते, ते कॅनडात राहणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाने केले. त्याने चित्रपटाची झलक घरी ठोकळ्यांच्या रूपात पुन्हा करून लोकांपुढे ठेवली होती, ती निर्मात्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांनी त्याला काम दिले. दुसरी बाजूही ठाऊक असावी : चित्रपट गाजत असतानाच, सततच्या फेरबदलांमुळे व लांबणाऱ्या तासांमुळे सुमारे शंभर कलाकार काम पुरे होण्याआधी सोडून गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. या व्यवसायात जाण्याचा विचार असेल तर दोन्ही बातम्या एकाच वहीत चिकटवून ठेवाव्यात.

प्रश्न : स्पॉट हा खलनायक मध्यंतरानंतर जवळजवळ नाहीसाच होतो. लेखक त्याला विसरले काय?
— एक वाचक, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : विसरले नाहीत, पुढच्या भागासाठी राखून ठेवला, पण प्रेक्षकाच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक पडत नाही. पहिल्या तासात त्याला हास्यास्पद चोरापासून भयंकर शत्रूपर्यंत इतक्या मेहनतीने वाढवला आणि नंतर त्याचे ओझरतेच दर्शन दिले, हा दोष खरा आहे आणि आमच्याजवळ त्याचे समर्थन नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातील सर्वांनी हा चित्रपट पाहिला आहे आणि तो रोज हट्ट धरतो. वडिलांच्या मृत्यूची सतत चर्चा असलेला चित्रपट त्याला दाखवावा काय? आणि पहिला भाग पाहिला नाही तर चालेल काय?
— एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : पहिला भाग आधी दाखवाच, तो पाहिल्यावाचून दुसऱ्यातील बहुतेक धागे हाती लागत नाहीत, आणि आठ वर्षांच्या मुलाला पहिलाच अधिक आवडण्याचा संभव आहे. तो जेमतेम दोन तासांचा आहे आणि त्याच्या शेवटी मुलगा हसत झोपी जातो.

दुसरा भाग दाखवताना तीन गोष्टी कराव्यात. एकतर तो एका बैठकीत दाखवू नये. मुंबॅटनमधील प्रसंग संपले की थांबावे आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहावा, म्हणजे मिगेलचे व्याख्यान ताज्या डोक्याने ऐकता येईल. दुसरे म्हणजे, ग्वेनच्या मित्राचा मृत्यू चित्रपटाच्या अगदी आरंभी येतो, तेव्हा पहिली पंधरा मिनिटे आपण शेजारी बसलेले बरे. स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणे पुरेसे होणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गोष्ट येथे संपत नाही, हे त्याला सुरुवात करण्यापूर्वीच सांगावे. माइल्सच्या बाबांचे काय झाले, असे तो विचारील. अजून कोणालाच माहीत नाही, असे खरे उत्तर द्यावे, आणि त्याला झोप येत नसेल तर ग्वेनच्या बाबांनी नोकरी सोडली तो प्रसंग पुन्हा एकदा लावून दाखवावा.